उशाशी ठेवलेली सबब

उशाशी ठेवायचा घड्याळ-रेडिओ माणसाला वेळेवर उठवण्यासाठी असतो, हा समज इतका पक्का आहे की तो तपासून पाहावा असं कोणाला वाटत नाही. माझं म्हणणं असं की या यंत्राचं खरं काम उठवणं नाहीच. उशिरा उठलेल्या माणसाला चारचौघांत तोंड दाखवता यावं, यासाठी त्याची सगळी रचना आहे. पुरावा म्हणून आधी यंत्राचीच जबानी घेऊ. कोणताही घड्याळ-रेडिओ समोर ठेवा. वरच्या अंगाला एक आडवं बटण असतं. ते इतकं ऐसपैस असतं की त्यावर बोट ठेवायची गरज नाही, अख्खा तळहात पडला तरी चालतं. त्याला स्नूझ म्हणतात. ते अंधारात सापडतं, डोळे मिटलेले असताना सापडतं, पालथ्या हाताने चाचपडलं तरी सापडतं. गजर लावायचं बटण मात्र मागे, वायर आणि भिंत यांच्या बेचक्यात असतं आणि ते दाबायला नख लागतं. गजर कायमचा बंद करायचा खटका कडेला असतो. तो एका बाजूला सरकवला तर बंद, दुसऱ्या बाजूला सरकवला तर रेडिओ, आणखी थोडा सरकवला तर बझर, आणि अर्धवट राहिला तर काय होईल हे सकाळीच कळतं. लिफ्टमध्ये मजल्यांची बटणं समोर असतात आणि पंख्याचं कोपऱ्यात, कारण लोक लिफ्टमध्ये वारा खायला शिरत नाहीत. बनवणाऱ्याला गिऱ्हाईक नेमकं कशासाठी येणार हे ठाऊक असतं. घड्याळ-रेडिओ बनवणाऱ्यांनाही ते ठाऊक आहे.

वेळ लावण्याची पद्धत पाहिली की संशय आणखी बळावतो. जुन्या आणि स्वस्त यंत्रांत आकडे फक्त पुढे जातात. एका हाताने एक बटण दाबून धरायचं, दुसऱ्या हाताने तास-मिनिटं पळवायची. सहाचा गजर लावायचा म्हटलं तर आकडे सुरुवातीला पाहुण्यांसमोरच्या मुलांसारखे शहाण्यासारखे चालतात आणि माणूस जरा सैलावला की एकदम सुसाट सुटतात. ५:५८, ५:५९ हे आकडे दिसेपर्यंत ६:०४ आलेलं असतं. मागे यायची सोय नाही. चार मिनिटं मागे येण्यासाठी तेवीस तास छप्पन्न मिनिटं पुढे जावं लागतं. दुसऱ्या फेरीत पुन्हा तेच, फक्त या वेळी मुक्काम ६:११ ला पडतो. तिसऱ्या फेरीनंतर, आपल्याला मुळात सहा अकरालाच उठायचं होतं असं बहुतेक लोक मान्य करतात. म्हणजे गजर वाजायच्या आधीच, आदल्या रात्री दिव्याच्या उजेडात, पूर्ण शुद्धीवर असताना यंत्राने माणसाकडून अकरा मिनिटांची तडजोड करून घेतलेली असते.

यापुढचा टप्पा ठिपक्याचा. बारा तासांच्या घड्याळात ही वेळ सकाळची की संध्याकाळची, हे सांगायची जबाबदारी पडद्याच्या कोपऱ्यातल्या एका बारीक लाल ठिपक्यावर टाकलेली असते. काही यंत्रांत ठिपका पेटला म्हणजे दुपारनंतरची वेळ, काही यंत्रांत ठिपका पेटला म्हणजे दुपारच्या आधीची. आपल्या यंत्रात यांपैकी काय, हे माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं आणि माहितीपुस्तिका खोक्यात असते. खोकं माळ्यावर असतं. त्यामुळे पडद्यावर अगदी बरोबर वेळ दिसत असतानाही घड्याळ आतून बारा तास चुकलेलं असू शकतं. सकाळी सहाचा गजर मग संध्याकाळी सहाला वाजतो, तेव्हा घर रिकामं असतं आणि शेजाऱ्यांना तासभर बातम्या ऐकायला मिळतात. आता सबब म्हणून या ठिपक्याकडे पाहा. ‘झोप लागली’ म्हणणारा माणूस आळशी ठरतो. ‘ठिपका उलटा होता’ म्हणणारा माणूस तांत्रिक अडचणीत सापडलेला असतो. ऐकणाऱ्याला पहिल्या वाक्यानंतर राग येतो. दुसऱ्या वाक्यानंतर त्याला प्रश्न पडतो, आणि प्रश्न पडलेला साहेब सहसा रागावत नाही, कारण रागावण्याआधी ठिपका म्हणजे काय ते विचारावं लागेल.

स्नूझचा इतिहास फार जुना नाही. १९५६ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक-टेलिक्रॉनने ‘स्नूझ-अलार्म’ नावाचं घड्याळ बाजारात आणलं आणि पुढे ती कळ रेडिओवाल्या घड्याळांतही आली. त्याआधीच्या शेकडो वर्षांत गजराचं घड्याळ एकदाच ओरडायचं आणि मग चावी संपेपर्यंत ओरडत राहायचं किंवा कोणीतरी त्याच्या टाळक्यात मारायचं. त्यात बोलणी करायला जागा नव्हती. स्नूझने ती जागा तयार केली आणि तिची लांबी, पुष्कळशा यंत्रांत, नऊ मिनिटं ठरली. नऊच का, याबद्दल असं सांगतात की जुन्या यांत्रिक घड्याळांच्या दातेरी चाकांत नेमकी दहा मिनिटं बसवता येत नव्हती. कारण काहीही असो, परिणाम फार मोठा झाला. दहा मिनिटांचा हिशेब झोपेतही करता येतो: सहा, सहा दहा, सहा वीस. नऊ मिनिटांचा हिशेब करायला नऊचा पाढा म्हणावा लागतो आणि अर्धवट झोपेत तो अठरा-सत्तावीसच्या पुढे जात नाही. सहाच्या गजरानंतर सहाव्यांदा बटण दाबलं की ६:५४ ला पुन्हा आवाज येतो, सातव्यांदा दाबलं की ७:०३. या दोन दाबांच्या मध्ये कुठेतरी सात वाजून गेले, हे त्या पाढ्यात कुठेच ठळकपणे येत नाही. शिवाय बऱ्याच यंत्रांत तासाभराने, कोणी दाद दिली नाही तर, गजर आपण होऊन गप्प बसतो. ‘वाजला असेल, मला ऐकू आला नाही’ या वाक्याला यंत्राने दिलेली ही लेखी संमती समजायला हरकत नाही.

आता रेडिओकडे वळू, कारण खरी मजा तिथे आहे. साधा बझर माणसाला अंथरुणातून ओढून काढतो. त्याऐवजी गाण्याने उठावं, दिवस प्रसन्न सुरू व्हावा, अशी घड्याळ-रेडिओमागची कल्पना. पण माणसाला प्रसन्न वाटलं की तो उठतो, हे गृहीतक कोणी तपासलं होतं? प्रसन्न वाटलं की माणूस कूस बदलतो. ओळखीचं भावगीत हळू आवाजात लागलं तर त्याचं शेवटचं कडवं ऐकून उठावं असं वाटतं आणि ते कडवं बहुधा पुढच्या गाण्याच्या मध्यावर, स्वप्नात, संपतं. बातम्या लागल्या तर आणखी सोपं. झोपेतला मेंदू निवेदिकेला घरातलीच कोणी समजतो आणि कांद्याचे भाव, धरणातला पाणीसाठा, मंत्रिमंडळाची बैठक असं सगळं एकाच स्वप्नात बसवून टाकतो.

शिवाय रेडिओ लावायचा म्हणजे समोरून कोणीतरी प्रक्षेपण करायला हवं. आज एफएम वाहिन्या चोवीस तास बडबडतात, पण आकाशवाणीच्या जुन्या शिस्तीत दिवसाच्या सभा ठरलेल्या असत. सकाळची पहिली सभा सुरू व्हायची ती पाच पंचावन्नला, त्या परिचित संकेतधुनीने. ही धून वॉल्टर कॉफमन यांच्या नावावर आहे. नाझींच्या छळापासून दूर मुंबईत आलेल्या या ज्यू संगीतकाराने इथल्या आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळला. पश्चिम भारतातल्या दोन-तीन पिढ्या त्या धुनीच्या सुरांवर जाग्या झाल्या, असं आपण कौतुकाने म्हणतो. पण ज्याने साडेपाचचा गजर रेडिओवर लावला असेल, त्याला काय ऐकू येत होतं? साडेपाचला हवेत काहीच नव्हतं. यंत्र इमानाने चालू व्हायचं आणि मंद खरखर ऐकवायचं. मंद, एकसुरी खरखरीने झोप जास्त गाढ लागते, हे पावसाळ्यात पत्र्याखाली झोपलेल्या कोणालाही विचारा. पंचवीस मिनिटं खरखर आणि मग ती सुंदर धून. साडेपाचला उठायचं ठरवलेला माणूस सहाला, ताजातवाना, निर्दोष उठायचा. दोष सरकारचा होता.

सरकारचं नाव निघालंच आहे, तर विजेचंही बोलू. महाराष्ट्रात या यंत्राची कारकीर्द बहरली ती भारनियमनाच्या काळात. वीज गेली आणि परत आली की घड्याळ-रेडिओ स्वतःची स्मृती पुसून टाकतो आणि १२:०० हा आकडा लाल रंगात उघडझाप करत राहतो. तो आकडा म्हणजे सबबीची सरकारी प्रतच. ‘रात्री लाइट गेली होती’ या वाक्याला पुरावा म्हणून शयनगृहात येऊन कोणीही पाहू शकतं, आणि शेजारच्या दहा घरांतून साक्षीदार मिळतात. यावर उपाय म्हणून यंत्राच्या पोटात नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीची खोबण दिलेली असते. ती बॅटरी वीज नसताना आकडे दाखवत नाही, पण आत वेळ चालू ठेवते. मात्र ती चालू ठेवते ती अंदाजपंचे. भिंतीतल्या विजेचा ठेका गेला की यंत्र स्वतःच्या मनाने मोजायला लागतं आणि लांबच्या भारनियमनानंतर ते काही मिनिटं मागे किंवा पुढे निघतं. म्हणजे बॅटरी नसेल तर ढोबळ सबब मिळते, असेल तर बारीक.

विजेच्या ठेक्याचं प्रकरण मुळातून समजून घेण्यासारखं आहे. भिंतीतल्या विजेचा प्रवाह आपल्याकडे सेकंदाला ५० आवर्तनं करतो. भिंतीच्या विजेवर चालणारी पुष्कळ घड्याळं ही आवर्तनं मोजतात: पन्नास झाली की एक सेकंद पुढे. अमेरिकेत हा आकडा ६० आहे. एके काळी अमेरिकेहून येणाऱ्या आप्तांच्या बॅगेत, चॉकलेटं आणि सेंटच्या बाटल्यांच्या मध्ये, लाकडी रंगाचा एक घड्याळ-रेडिओ हमखास असायचा. तिथले ११०-१२० व्होल्ट आणि इथले २३० हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून लॅमिंग्टन रोडवरून एक वजनदार ट्रान्सफॉर्मर आणला जायचा. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करतो, आवर्तनांना हात लावत नाही. मागे ५०-६० असा खटका नसला, किंवा असून कोणी पाहिला नसला, तर ते घड्याळ भारतात साठ आवर्तनं मोजल्याशिवाय सेकंद पूर्ण मानत नाही. परिणामी ते दर तासाला दहा मिनिटं मागे पडतं. रात्री दहाला वेळ जुळवून सहाचा गजर लावला, तर तो सात छत्तीसला होतो. यात यंत्र बिघडलेलं नाही, माणूस चुकलेला नाही, वीज गेलेली नाही. दोन देशांच्या विद्युत अभियंत्यांनी आपापल्या ठिकाणी योग्य निर्णय घेतले, आणि त्यांच्या मतभेदातून झोपणाऱ्याला दीड तासावर सहा मिनिटं मिळाली. त्याच यंत्राचा रेडिओही आपल्याकडे अडखळतो. अमेरिकेत मध्यम लहरीवरची केंद्रं दहा-दहा किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, आपल्याकडे नऊ-नऊच्या. पुणे केंद्राचे ७९२ शोधायला गेलं तर आकड्यांवर चालणारा ट्यूनर ७९० वर थांबतो आणि तिथून बोबड्या बातम्या देतो.

हे मागासलेपणाचं लक्षण आहे, प्रगत देशांत असं होत नाही, असं कोणी म्हणेल म्हणून २०१८ सालचा युरोप पुढे करतो. सर्बिया आणि कोसोवो यांच्यातल्या वादामुळे जानेवारीच्या मध्यापासून ११३ गिगावॉट-तास वीज जाळ्यात कमी पडली आणि ती भरून कोणी द्यायची यावर एकमत होईना. एकमेकांना जोडलेल्या पंचवीस देशांच्या जाळ्यात विजेची सरासरी आवर्तनं सेकंदाला पन्नासऐवजी ४९.९९६ झाली. फरक इतका सूक्ष्म की एकही दिवा मंद झाला नाही. पण दिवसेंदिवस तो साचत गेला आणि मार्चच्या सुरुवातीला ओव्हनवरची आणि उशाशी असलेली, आवर्तनं मोजणारी घड्याळं सुमारे सहा मिनिटं मागे पडलेली होती. युरोपातल्या वीजवाहक कंपन्यांच्या संघटनेने पत्रक काढून हे जाहीर केलं. जर्मनीतल्या एखाद्या कारकुनाने सहा मिनिटं उशिरा येऊन बाल्कन राजकारणाकडे बोट दाखवावं आणि ते शब्दशः खरं असावं, ही सोय दुसऱ्या कोणत्या घरगुती उपकरणाने दिली आहे? नंतर काही आठवडे वीज किंचित जलद ठेवून ती सहा मिनिटं परत करण्यात आली. आपल्याकडे असं झालं असतं तर परत करा म्हणून कोणी मागितलीच नसती.

अमेरिकेतल्या मराठी घरांची गोष्ट वेगळी आणि अधिक वाईट. तिथे उन्हाळी वेळेसाठी घड्याळं वर्षातून दोनदा पुढेमागे करतात. काही हुशार यंत्रांत त्या तारखा कारखान्यातच भरलेल्या होत्या. मग २००७ पासून कायद्याने तारखा बदलल्या: उन्हाळी वेळ एप्रिलच्या पहिल्या रविवारऐवजी मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होऊ लागली, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारऐवजी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपू लागली. यंत्राला हे कोणी सांगितलं नाही. त्यामुळे ज्यांनी ‘आपोआप’ असं लिहिलेलं यंत्र जास्त पैसे देऊन घेतलं होतं, त्यांना ते वर्षातून चार वेळा हाताने दुरुस्त करावं लागलं, आणि साधं यंत्र घेतलेल्यांना दोनच वेळा. यंत्र जितकं हुशार, तितकी सबब दर्जेदार.

आता आक्षेप. पहिला आक्षेप असा की हे सगळे दोष वापरणाऱ्याच्या निष्काळजीपणाचे आहेत. पुस्तिका नीट वाचली, ठिपका तपासला, बॅटरी बदलली, तर यंत्र चोख चालतं. मान्य. पण रात्री झोपण्यापूर्वी पुस्तिका काढून ठिपका तपासणारा, वेळच्या वेळी बॅटरी बदलणारा माणूस गजर नसतानाही सकाळी वेळेवर उठतो. अशी माणसं प्रत्येक घराण्यात एखादी असतातच. त्यांनाही उशाशी घड्याळ लागतं, ते गजर व्हायच्या एक मिनिट आधी जागं होऊन, तो बंद करून, बाकीच्या घराकडे एक दृष्टिक्षेप टाकण्यासाठी. त्यांच्या बाबतीत उठवण्याचं काम यंत्र करतच नाही, म्हणजे माझ्या म्हणण्याला त्यांच्याकडून धक्का लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ज्यांचं पोट वेळेवर अवलंबून आहे त्यांचं काय? त्यांना तर खरंच उठायचं असतं. याचं उत्तर गिरणगावात मिळतं. लालबाग-परळच्या चाळींना उठवायचा तो गिरणीचा भोंगा. भोंग्याच्या वर तळहाताएवढं बटण नव्हतं. पहिल्या पाळीला उशीर झाला तर दारात बदली कामगार उभे असायचे आणि आपला साचा दुसऱ्याच्या हाती गेल्याचं दिसायचं. पडलेल्या खाड्याला ठिपका, बॅटरी, आवर्तनं यांपैकी कशाचंच स्पष्टीकरण चाललं नसतं. आजही जिथे नळाला पाणी पहाटे साडेचारला येतं तिथली बाई घड्याळाशी वाटाघाटी करत बसत नाही. नऊ मिनिटांत तिचं पिंप भरायचं राहतं. दूधवाला, पेपरवाला, दादरच्या फूलबाजारात टोपल्या लावणारे, यांच्या उशाशी घड्याळ-रेडिओ दिसणार नाही. ज्याला उठणं भागच आहे त्याने हे यंत्र घेतलेलं नाही. ते घेतलं आहे ज्याचा उशीर हजेरीपटावर फक्त लेटमार्क होऊन उमटतो आणि जिथे तीन लेटमार्कांची एक रजा होते त्याने. म्हणजे जिथे खुलासा चालतो, तिथेच हे यंत्र चालतं.

सबब सांगणं हा दुर्गुण आहे, त्याचं इतकं कौतुक कशाला, असंही विचारता येईल. पण मुंबईने ही गोष्ट फार पूर्वी सार्वजनिक पातळीवर करून दाखवली आहे. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा शहराने ती मनावर घेतली नाही. मुंबईची स्वतःची वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती आणि पुढची कित्येक दशकं, स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं, ती तिथे प्रमाणवेळेच्या जोडीने नांदली. दोन्ही वेळा अधिकृत असलेल्या शहरात उशिरा आलेला माणूस नेमका कोणत्या वेळेने उशिरा आला, हे विचारण्यातच सकाळ जात असणार. त्या परंपरेपुढे नऊ मिनिटं म्हणजे काहीच नाही.

विज्ञानाचाही एक आधार सुचवला जातो. स्टॉकहोम विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६९ टक्के लोकांनी आपण निदान कधीतरी गजर पुढे ढकलतो असं सांगितलं. त्याच अभ्यासात नेहमी ढकलणाऱ्या ३१ जणांना प्रयोगशाळेत झोपवून पाहिलं तेव्हा अर्ध्या तासाच्या या लोळण्याने त्यांचं काही बिघडलं नाही, उलट उठल्याबरोबरच्या काही चाचण्यांत ते किंचित बरे निघाले. मला हा आधार फारसा उपयोगाचा वाटत नाही. अभ्यास लोळणं निर्दोष ठरवतो, आणि जे निर्दोष आहे त्याला सबब लागत नाही. शिवाय खालच्या मजल्यावर मस्टर घेऊन बसलेले गृहस्थ झोपेवरचे शोधनिबंध वाचत नाहीत. वीज गेलेली मात्र त्यांच्याही घरी असते.

शेवटचा आक्षेप, आणि तोच आज सगळ्यांच्या तोंडी आहे: फोन असताना हे हवंच कशाला? फोन वेळ जाळ्यावरून घेतो, त्याला ठिपका नाही, वीज गेली तरी बॅटरी आहे, आवर्तनांशी संबंध नाही. बरोबर आहे, आणि फोन नापास होतो तो नेमका इथेच. सबब टिकते ती ऐकणाऱ्याला त्या यंत्राची माहिती नसते तोपर्यंत. घड्याळ-रेडिओची दोन मॉडेलं सारखी नसतात. कुठे खटका मागे, कुठे चक्री कडेला, कुठे गजराचा आवाज रेडिओच्याच आवाजाच्या बटणावर अवलंबून, त्यामुळे रात्री हळू आवाजात गाणी ऐकत झोपलेल्याला सकाळी गजरही तितकाच हळू मिळतो. हे सगळं साहेबांना कसं माहीत असणार? फोन मात्र त्यांच्याकडेही तोच असतो. ‘सायलेंटवर होता’ म्हटलं की ते शांतपणे सांगतात की सायलेंटवर असला तरी गजर वाजतो. ‘चार्जिंग संपलं’ म्हटलं की रात्री एक वाजून वीस मिनिटांनी तुम्ही ऑनलाइन होतात, हे त्यांनी पाहिलेलं असतं. फोनने माणसाला उठवण्याची सोय केली आणि न उठल्याचा खुलासा करण्याची सोय काढून घेतली. परिणामी पूर्वी जो माणूस दहा मिनिटं उशिरा येऊन पाच मिनिटं कारण सांगायचा, तो आता पंधरा मिनिटं उशिरा येतो आणि काही न बोलता खुर्चीत बसतो. कार्यालयांतलं वातावरण बिघडण्याचं एक कारण मला हेही वाटतं.

तेव्हा घड्याळ-रेडिओ कालबाह्य झाला, हा निकाल घाईचा आहे. अजून तो मिळतो, जुन्या बाजारात तर स्वस्तात मिळतो. घ्यायचाच असेल तर शक्यतो जुना घ्यावा, आकडे फक्त पुढे जाणारा, ठिपकावाला, ट्यूनिंगची चक्री कडेला असलेला. परदेशातून कोणी आणून देत असेल तर नाही म्हणू नये. पुस्तिका मिळालीच तर घरातल्या सर्वांत शिस्तीच्या माणसाच्या हाती लागू देऊ नये. आणि पोटाशी ते लहानसं झाकण असतं, ज्याच्या आत नऊ व्होल्टची बॅटरी घालावी असं कंपनी कळकळीने लिहिते, ते झाकण उघडायच्या भानगडीत पडू नये.